सातचा टोल: संध्याकाळी दीड तास मोबाईल बाजूला ठेवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीतल्या आमच्या बावीस बिऱ्हाडांच्या इमारतीत रोज संध्याकाळी सातला टोल पडतो. त्यानंतर साडेआठपर्यंत मोबाईल आणि टीव्ही बंद. हे ऐकलं की पाहुणे, शेजारच्या सोसायटीतले लोक, मुलांच्या वर्गातल्या बाकीच्या आया, अगदी सिलिंडर घेऊन येणारा दादासुद्धा तेच तेच विचारतो. सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

ही कल्पना तुमचीच का?

छे, सरळ उचललेली आहे. आमच्याच जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव म्हणून तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. कोरोनात शाळा बंद पडल्या, अभ्यास मोबाईलवर आला, आणि पुढं शाळा उघडल्या तरी मोबाईल काही पोरांच्या हातून सुटेना. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, तिथल्या बायकांची ग्रामसभा बसली आणि ठरलं: रोज सातला मंदिरावरचा भोंगा वाजवायचा, तो वाजला की घरातले मोबाईल आणि टीव्ही बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग ज्याचा तो मोकळा.

सरपंच विजय मोहिते यांनी तेव्हा पत्रकारांना सांगितलं होतं की भोंगा वाजवून मोबाईल बंद करायचे म्हटल्यावर गावातले पुरुष हसले. बायकांनी मात्र सरळ कबूल केलं की आम्हीही मालिकांपुढून उठत नाही. मला ही गोष्ट पटली ती इथंच. पोरांना शिस्त लावायला निघालेल्या सभेत आधी आयांनी स्वतःचा कान धरला. पुढं आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले आणि ते अंगवळणी पडलं.

आणखी कुठं असं चालतं का?

बेळगावजवळच्या हलगा गावानं २०२४ च्या अखेरीला सात ते नऊ असा भोंगा सुरू केला. पुसद तालुक्यातल्या बान्सीनं त्याआधीच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी करणारा ठराव केला. हेतू चांगला असेल, पण मला विचाराल तर बाप ओसरीवर बसून रील बघणार आणि पोरगं त्याच्याकडं टकामका बघणार, हे फार दिवस निभत नाही.

बाहेरही आहे. फ्रान्समध्ये सेन-पोर नावाच्या छोट्या गावानं फेब्रुवारी २०२४ मध्ये मतदान घेऊन ठरवलं की रस्त्यात, दुकानात, बागेत, शाळेच्या फाटकाशी मोबाईलमध्ये डोकं घालायचं नाही. ५४ टक्के लोक बाजूनं होते, म्हणजे शेचाळीस टक्क्यांनी नाकं मुरडलीच. जपानच्या तोयोआके शहरानं १ ऑक्टोबर २०२५ पासून कामाव्यतिरिक्त दिवसाला दोन तास अशी मर्यादा सांगितली आहे. पण ती नुसती सांगितली आहे. दंडबिंड काही नाही.

त्यापेक्षा ज्यानं त्यानं आपापला फोन कमी वापरावा. त्यासाठी टोल कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो विचारणाऱ्यानं स्वतः कधी प्रयत्न केलेला नसतो, असा माझा अनुभव आहे.

मी केला होता. एका जानेवारीत संकल्पबिंकल्प करून रोज आठ वाजता फोन गव्हाच्या पिंपात ठेवायचा असं ठरवलं. पिंप स्वयंपाकघरात, वर पत्र्याचं झाकण. पहिल्या दिवशी झाकण लावून मोठ्या रुबाबात बाहेरच्या खोलीत आले. नवरा सोफ्यावर, मान खाली. मुलगी पलंगावर, मान खाली. मुलगा आंघोळीला गेला होता आणि आतून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू येत होती. सासूबाईंची मालिका चालू. मी खुर्चीत बसले. "आज काय विशेष?" असं म्हणून पाहिलं. नवऱ्यानं "हं" केलं. पंख्याकडं बघितलं, कॅलेंडरवरची गॅसची तारीख वाचली. विसाव्या मिनिटाला मी पिंपात कोपरापर्यंत हात घालून गव्हात फोन चाचपत होते.

माझा निर्धार कमी पडला असं तेव्हा वाटलं. आता वाटत नाही. फोन ठेवून जायचं कुठं? घरातली माणसंच तिथं आत होती. आपण एकट्यानं फोन ठेवला तर आपल्या वाट्याला रिकामी खोली येते, आणि रिकाम्या खोलीपेक्षा रील कधीही बरी. सगळ्यांनी एकाच वेळी ठेवला तर खोलीत माणसं येतात. टोलाचं काम तेवढंच. शाळेच्या मधल्या सुट्टीत एकटाच वर्गाबाहेर आलेला मुलगा खेळणार कुणाशी?

मग त्या दीड तासात करता काय?

पहिले तीन आठवडे काहीही नाही, आणि म्हणून सगळं जवळजवळ कोसळलंच होतं.

पहिल्या दिवशी अख्खी इमारत पार्किंगमध्ये. कुणीतरी म्हणालं, मोबाईलमुक्त संध्याकाळ आहे, एक फोटो तर हवाच. सतरा जणांनी फोन काढले. तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडला आणि पुढचा अर्धा तास त्यावर अंगठे देण्यात गेला. चौथ्या दिवशी सहा माणसं खाली उतरली. ती प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर मयताला आल्यासारखी गप्प बसली होती. पोरं विचारायला लागली, "खाली येऊन करायचं काय?" आणि मोठ्यांपैकी एकाकडंही उत्तर नव्हतं.

तारलं ते गवारीनं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एका संध्याकाळी गवारीची पिशवी, ताट आणि पाटी घेऊन खाली आल्या, कारण घरात टीव्ही बंद असताना नुसती गवार निवडायचा त्यांना कंटाळा आला होता. शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाईंचा हात आपोआप ताटाकडं गेला. शेंगेचं टोक मोडायचं, कडेची शीर ओढायची, दोन तुकडे ताटात. मग तिसरीचा हात गेला. पंधरा मिनिटांत गवार संपली आणि बोलणं मात्र सुरू झालेलं होतं. कुणाच्या वहिनीचं ऑपरेशन, मिरजेतली एक खोली भाड्यानं देणं, गवार पाण्यात उकडावी की नुसत्या तेलावर परतावी. पाण्यात उकडू नये, हे माझं मत मी इथंही नोंदवते.

तेव्हा लक्षात आलं की हाताला काम लागतं. फोननं गेली काही वर्षं आपल्या हातांना सवय लावली आहे ती सतत काहीतरी चाळवण्याची. ते हात एकदम रिकामे केले की माणूस कावराबावरा होतो. आता लसूण सोलणं, मेथी निवडणं, इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या, शाळेच्या वह्यांना कव्हरं, असली सगळी कामं खाली येतात. एक कॅरम आहे, त्याच्या एका कोपऱ्यातली जाळी फाटली आहे आणि सोंगटी थेट सायकलीखाली जाते. पुरुषांसाठी तो फार उपयोगी पडला. पुरुषांना समोरासमोर बसून बोलता येत नाही, सोंगटीकडं बघत बघत मात्र सगळं सांगतात. मुलं साडेसातपर्यंत अभ्यास करतात, म्हणजे निदान वह्या उघडून बसतात.

सातलाच का? आठला का नाही?

वडगावनं सात ठेवलं म्हणून आम्हीही ठेवलं. नंतर कळलं की वेळ नेमकी आहे: दिवेलागण झालेली असते, स्वयंपाकाला कुकर चढायचा असतो, आणि पूर्वी "शुभंकरोती म्हणा" अशी हाक याच वेळी यायची. रात्री नऊनंतर माणूस दमलेला असतो, तेव्हा त्याच्या हातून फोन काढून घेणं म्हणजे भांडण विकत घेणं.

ही जबरदस्ती नाही का?

बावीसपैकी चार घरं येत नाहीत. त्यांना कुणी काही म्हणत नाही. तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात. ते पहिल्याच बैठकीत म्हणाले, "तुम्हाला घरात माणसं जास्त झालीत म्हणून फोन नकोसा झालाय. मला तेवढाच एक आवाज आहे घरात." त्यांचं बरोबर होतं. ते सातला जुनी नाट्यगीतं लावतात आणि गॅलरीचं दार उघडं ठेवतात, त्यामुळं कॅरमला पार्श्वसंगीत मिळतं.

दंड का ठेवत नाही?

ठेवला होता, दहा रुपये. डबाही ठेवला होता. दोन जण टोल पडायच्या आधीच डब्यात दहाची नोट टाकून खुशाल मॅच बघायला लागले. दंड भरला की गुन्हा उरत नाही, तिकीट काढल्यासारखं होतं. डबा आठवड्यात गुंडाळला.

अर्जंट फोन आला तर?

घ्यायचा. आमच्याकडं "बंद" म्हणजे स्क्रीन बंद. रिंग चालू असते आणि फोन घरातल्या एका ठराविक जागी असतो. आमचा देवळीशेजारच्या फळीवर असतो. वाजला तर उठून जायचं, उभ्यानं बोलायचं, परत ठेवायचा. हे उभ्यानं बोलणं महत्त्वाचं आहे. जुना लँडलाइन फोन असाच कोपऱ्यात असायचा आणि त्यावर कुणी पाऊण तास लोळत पडायचं नाही. इमारतीत एक डॉक्टर आणि एक वीज खात्यातले गृहस्थ आहेत, त्यांना सगळं माफ.

आणि खरं सांगू का, पहिल्या महिन्यात अर्जंट म्हणून आलेल्या फोनांत दोन कर्जवाल्यांचे होते आणि एक माझ्या भावाचा, "कुठं आहेस, मेसेज बघत नाहीस" म्हणून.

मुलगा परदेशात आहे. त्याचा व्हिडिओ कॉल नेमका सातला येतो. काय करायचं?

बोला की. तो फोन तुम्हाला माणसापासून तोडत नाही, जोडतो. आमच्याकडं न्यू जर्सीला एकीचा मुलगा आहे. आपले संध्याकाळचे सात म्हणजे त्यांच्याकडं उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ, म्हणजे तो ऑफिसच्या गडबडीत. त्यालाही पाच मिनिटंच असायची. काकूंनी त्याला रविवार सांगितला. आता तो रविवारी तासभर बोलतो आणि काकू फोन घेऊन खाली येतात, मग सगळेच त्याला "लग्नाचं काय" विचारतात. अलीकडं त्याचे फोन कमी झालेत, पण तो दोष टोलाचा नाही.

मुलांचा अभ्यासच मोबाईलवर असतो, त्याचं काय?

थोडा असतो. ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांना हाच प्रश्न विचारला होता. स्मार्टफोन वापरता येतो असं सांगणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी. म्हणजे दोन्ही खरं आहे. शाळेचा गृहपाठ ग्रुपवर येत असेल तर तो सातच्या आत वहीत उतरवून घ्या. आमच्या मुलीनं सुरुवातीला फार कुरकुर केली, मग लक्षात आलं की गृहपाठ उतरवायला चार मिनिटं लागतात, बाकी पाऊण तास "अभ्यास" होता.

दोन वर्षांचं बाळ मोबाईलशिवाय घासच घेत नाही. त्याची सवय कशी मोडायची?

या प्रश्नाला मी हसत नाही, कारण माझ्या मुलाच्या वेळी मीही तेच केलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या बाळाला बसवून स्क्रीन दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराच्या आतच. कारण समजून घ्यायला डॉक्टर व्हावं लागत नाही. कार्टून बघताना बाळ जेवत नसतं, आपण त्याच्या तोंडात भरत असतो. पोट भरलं हे त्याला कळत नाही आणि भाताची चव कशी होती हेही नाही.

चिऊचा घास, काऊचा घास यात निदान चिऊ खरी असते, खिडकीत बसलेली. त्याला खाली आणा. पार्किंगमध्ये मांजर आहे, दोन कावळे आहेत, कॅरमवर भांडणारी मोठी माणसं आहेत. पहिले तीनचार दिवस रडेल. एखादं जेवण अर्ध्यावर राहील, राहू द्या.

रील बघताना वेळ का कळत नाही?

कारण शेवट काढून टाकला आहे. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं, सिनेमाला मध्यंतर असतं, भेळेच्या कागदाला तळ असतो. तिथं आपण थांबतो आणि मान वर करतो. मोबाईलवरचं पान पूर्वी संपायचं, खाली 'पुढचं पान' असं बटण असायचं. ते दाबताना क्षणभर विचार व्हायचा. २००६ मध्ये ॲझा रास्किन या अमेरिकी डिझायनरनं आपोआप पुढं वाढत जाणारं, न संपणारं पान तयार केलं, आणि पुढं त्याबद्दल त्यानं स्वतःच जाहीरपणे खंत व्यक्त केली. आपल्याकडं सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, म्हणजे पाकीट रिकामं होऊन थांबायची जी एक जागा होती तीही गेली.

त्यात भर म्हणजे पुढची रील चांगली असेल की टाकाऊ हे आधी कळत नाही. शेंगदाण्यात एखादा खवट दाणा लागला की तोंडाची चव सुधारायला आपण आणखी एक घेतो, तसं ते चालू राहतं. टोल म्हणजे बाहेरून आणलेला शेवट, एवढंच.

फोन नुसता उपडा ठेवून शेजारी ठेवला तर चालेल ना?

टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ज्यांचा फोन समोर टेबलावर होता, उपडा आणि मूक, त्यांची कामगिरी फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांपेक्षा खाली आली. नंतर इतरांनी करून पाहिलं तेव्हा काही ठिकाणी हा फरक फारसा दिसला नाही, त्यामुळं त्यावर फार भार टाकू नका. पण शेजारी उपडा ठेवलेला फोन दर दोन मिनिटांनी कोण सुलटा करतं, हे आपल्या घरात बघायला प्रयोगशाळा लागत नाही. दुसऱ्या खोलीत ठेवा.

मी चालताना फोनवर असलो तरी मला आजूबाजूचं सगळं दिसतं.

हा प्रश्न नाही, पण आमच्या सेक्रेटरींनी तो चार वेळा विचारला म्हणून घेतला आहे.

अमेरिकेत वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात आयरा हायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विदूषकाला एकचाकी सायकलवर बसवून चौकात फिरवला. जांभळा-पिवळा पोशाख, लाल नाक, मोठे बूट. चौक ओलांडून आलेल्यांना नंतर विचारलं, विदूषक दिसला का? फोनवर बोलत आलेल्यांपैकी २५ टक्क्यांनाच दिसला होता. एकटे, फोनशिवाय आलेल्यांपैकी निम्म्यांना दिसला. कानात गाणी लावून आलेल्यांना त्याहून थोडा जास्त. आणि सगळ्यात जास्त, ७१ टक्के, कुणाला दिसला? जे दोघं दोघं गप्पा मारत आले होते त्यांना.

हे वाचल्यापासून मी कुणालाच "बोलत चालू नकोस" म्हणत नाही. शेजारचा माणूस आपल्याबरोबर त्याच रस्त्यावर असतो. तो "ते बघ" म्हणतो, खड्डा आला की गप्प होतो, कोपर धरून ओढतो. फोनमधल्या माणसाला आपला खड्डा दिसत नाही. आणि लक्षात घ्या, हा प्रयोग नुसत्या बोलण्यावर होता, डोळे मोकळे असताना. टाइप करत चालणाऱ्याचं काय होत असेल? आमच्या सेक्रेटरींना आमच्याच फाटकाची खिटी लागली होती, कपाळाला.

गाडी चालवताना हातात फोन धरला तर काय कारवाई होते?

मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून रस्ता बघण्यापुरता फोन वापरायला मुभा आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलत जाणाऱ्यांनी ही मुभा आपल्यासाठी आहे असं समजू नये. कानात इयरफोन घालून रुळांवरून जाणाऱ्यांसाठी रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, पण इयरफोन घातलेल्याला कलमाच्या आधी गाडी गाठते.

म्हणजे फोटोही काढायचे नाहीत?

काढा. मी काढते. पण एक गोष्ट सांगते.

पावसाच्या तोंडावर, मे संपता संपता, आम्ही भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. गावातल्या एका मुलानं बॅटरी न लावता आम्हाला शेताच्या बांधावरून नेलं आणि एका हिरड्याच्या झाडासमोर उभं केलं. आधी काहीच दिसेना. डोळे अंधाराला सरावायला दहाएक मिनिटं लागली. मग झाड श्वास घेतल्यासारखं उजळायचं आणि विझायचं, उजळायचं आणि विझायचं, खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत एक लाट जायची. माझा मुलगा, जो घरात पाच मिनिटं एका जागी उभा राहत नाही, तो तोंड उघडं टाकून उभा होता.

तेवढ्यात मागून आलेल्या घोळक्यातल्या कुणीतरी मोबाईलचा फ्लॅश मारला. झाड विझलं. आम्ही वाट बघत राहिलो. कुठं एखादा ठिपका लुकलुकायचा, बस. काजवा चमकतो तो जोडीदार शोधायला. नर प्रकाश देतो, मादी उत्तर देते. मध्ये एवढा मोठा उजेड आला की ते बोलणंच तुटतं. त्या घोळक्याला फोटोत काय मिळालं? काळा चौकोन आणि जवळच्या गवताचं पांढरंफट पातं. त्यांनी तो तिथल्या तिथं पुसून टाकलेला मी पाहिला.

अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल यांचा २०१४ चा एक अभ्यास आहे. संग्रहालयात ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या, नुसत्या पाहिलेल्या जास्त. पण ज्यांनी एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, त्यांना ती वस्तू चांगली आठवली, कारण झूम करायला आधी बघावं लागतं. तेव्हा फोटो काढायचाच तर आधी पोटभर बघा, मग एक काढा. आणि कड्याच्या टोकावर, धबधब्याच्या माथ्यावर, भरतीच्या खडकावर पाठ करून उभं राहू नका. वांद्र्याच्या बँडस्टँडला सेल्फी काढताना झालेल्या दुर्घटनेनंतर मुंबई पोलिसांनी २०१६ मध्ये सेल्फीला मनाई असलेल्या १६ जागा ठरवल्या, गोव्यात २०१८ मध्ये किनाऱ्यांवर अशा २४ जागा ठरल्या. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळात जगभरच्या बातम्यांतून मोजलेल्या सेल्फीच्या २५९ मृत्यूंत आपला देश पहिला होता.

टोल कुठून आणला? भोंग्याला परवानगी लागते का?

टोल म्हणजे रेल्वेच्या जुन्या रुळाचा हातभर तुकडा. इमारतीतल्या निवृत्त मुख्याध्यापकांकडं त्यांच्या शाळेची आठवण म्हणून होता. पार्किंगच्या हुकाला साखळीनं टांगला आहे आणि शेजारी हातोडी बांधली आहे. पाळी मुलांची. कधी सात वाजायला दोन मिनिटं असतानाच पडतो, कारण ज्याची पाळी असते त्याला धीर नसतो. ध्वनिक्षेपक किंवा मोठा भोंगा लावणार असाल तर परवानगी घ्या, आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे हेही लक्षात ठेवा. शाळेची पितळी घंटा, झांज, ताट, काहीही चालतं. मोबाईलचा अलार्म मात्र लावू नका. तो बंद करायला फोन हातात घेतला की गेलात.

घरातल्या एकाचं प्रकरण दीड तासाच्या पलीकडं गेलंय असं वाटतं.

झोप, जेवण, शाळा किंवा नोकरी सुटत चालली असेल, फोन काढून घेतल्यावर अंगावर धावून येणं होत असेल, तर तिथं टोलाचा उपयोग नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये यासाठी २०१४ पासून वेगळं उपचार केंद्रच आहे. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडं जायला लाजू नका आणि त्या मुलाला चारचौघांत "मोबाईलवेडा" म्हणू नका.

मुलांचे मार्क वाढले का?

माझ्या मुलीचे गणितात वाढले, मुलाचे सगळ्याच विषयांत कमी झाले. त्यावरून काय ते ठरवा. कॅरम दोघांचाही सुधारला.

अजून चालू आहे का?

चालू आहे, आता दुसरं वर्ष. पावसाळ्यात डास फार होतात म्हणून जिन्यात बसतो. गणपतीत आरतीमुळं वेळ आपोआप सांभाळली जाते. आयपीएलच्या दिवसांत मात्र सामने साडेसातला सुरू होतात, त्यामुळं ते दोन महिने टोल सहाला पाडतो आणि साडेसातला सोडतो. त्या ठरावाला एकमतानं मंजुरी मिळाली, सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदाच.